जगाच्या पाठीवर : कोठाराला लागून देवघर



पीक घरात आले की पहिली मूठ देवापुढे ठेवायची आणि मग कणगी भरायची, ही रीत तुम्हांला कोणी शिकवायला नको. पण समजा, पीक ज्या घरात साठवायचे त्याच घरात देव, त्याच घरात हिशोब, आणि ते घर मात्र आपले नव्हे, गावातल्या एका बड्या कुटुंबाचे, असे असेल तर? साडेतीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर असे वाडे रानोमाळ उभे होते. त्यांची बांधणी कशी होती, त्यांत देव कोठे बसत असे आणि शेवटी त्या वाड्यांचे काय झाले, ही हकिकत आज सांगणार आहे.

क्रीट हे बेट आज ग्रीस देशात मोडते. लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी कोठे १२ तर कोठे ६०. मधोमध डोंगरांची रांग, त्यातला सर्वांत उंच डोंगर २,४५६ मीटरचा. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा अगदी कोरडा. अशा हवेत गहू, जव, कडधान्ये, अंजीर, द्राक्षे आणि ऑलिव्ह ही पिके येतात, आणि डोंगरउतारावर शेळ्या-मेंढ्या चरतात. आजचा तेथला शेतकरी पुष्कळ अंशी हेच घेतो आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचाही हेच घेत होता.

या जुन्या लोकांना आपण मिनोअन म्हणतो. हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाने १९०० साली नोसोस येथे मोठे उत्खनन सुरू केले आणि दंतकथेतल्या मिनोस राजावरून हे नाव रूढ केले. नोसोस, फैस्तोस, मालिया आणि झाक्रोस येथे मोठे राजवाडे निघाले. जगभर गाजले ते हे राजवाडे. पण राजवाड्याला खायला घालणारी जमीन खेड्यापाड्यांत होती, आणि तेथे इ. स. पूर्व १७०० ते १४५० या काळात दुसऱ्या जातीच्या इमारती उभ्या राहिल्या. राजवाड्याहून लहान, पण साध्या शेतकऱ्याच्या घराहून कितीतरी मोठ्या. संशोधक त्यांना ‘व्हिला’ म्हणतात. आपण सरळ वाडा म्हणू.

वाड्याची बांधणी

नोसोसच्या दक्षिणेला आर्खानेस नावाचे गाव आहे. त्याच्या पुढे टेकडीच्या धारेवर वाथिपेत्रोचा वाडा आहे. स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक संशोधकाने १९४९ पासून पुढे काही वर्षे तो खणून काढला. चहूकडे आजही द्राक्षांचे मळे आहेत.

दर्शनी भिंत घडीव दगडांची, सांधे जुळवून बसवलेली. आतल्या भिंतींना मात्र साधे दगड, माती आणि कच्च्या विटा, वरून गिलावा. पैसा दिसतो तो बाहेरून, हे तेव्हाही खरे होते. भिंतींमध्ये लाकडाच्या आडव्या-उभ्या तुळया घालत. क्रीट हा भूकंपाचा मुलूख. लाकूड थोडे लवते, त्यामुळे हादरा बसला तरी भिंत एकदम कोसळत नाही. छप्पर सपाट, धाब्यासारखे, आणि पुष्कळ वाड्यांना वरचा मजला.

उजेडासाठी घराच्या पोटात वरून उघडी अशी लहान जागा सोडलेली असे. चौक म्हणा ना, फक्त आपल्या चौकाहून लहान. त्याला लागून मुख्य दालन. या दालनाची एक बाजू सलग भिंतीची नसून खांब आणि दारे, पुन्हा खांब आणि दारे, अशी असे. उन्हाळ्यात सगळी दारे उघडली की वारा खेळता, थंडीत बंद केली की ऊब. तीच दारे मोठ्या बैठकीला उघडायची आणि खाजगी बोलण्याला मिटायची. एकाच दालनाचा असा दुहेरी उपयोग करणारा तो गवंडी हुशारच म्हटला पाहिजे.

तिलिसोस येथे अशी तीन घरे शेजारी-शेजारी सापडली. जोसेफ हात्झिदाकिस यांनी १९०९ ते १९१३ या काळात ती खणली. तेथे दगडी पाटातून आणि भाजक्या मातीच्या नळांतून पाणी आणलेले होते. तेथेच काशाच्या प्रचंड कढया मिळाल्या. सर्वांत मोठी ५२ किलोंहून जड. एका कुटुंबाच्या जेवणाला एवढी कढई लागत नाही. ती पंगतीची भांडी आहेत, आणि पंगत घालणाऱ्याचा मान किती, हे सांगायला नको.

कामाचे घर

आता वाथिपेत्रोच्या मागच्या भागात चला. येथे द्राक्षे तुडवण्याची जागा जशीच्या तशी सापडली आहे. उंचावर बसवलेले मातीचे रुंद भांडे, त्याला पन्हळ. माणूस त्यात उभा राहून पायांनी द्राक्षे तुडवी, रस पन्हळीतून खालच्या भांड्यात पडे. जगातल्या जुन्यात जुन्या द्राक्षघाण्यांपैकी हा एक. ऑलिव्हचे तेल गाळण्याची सोय होती. उभ्या मागाला सूत ताणून धरण्यासाठी बांधायची मातीची वजने सापडली, म्हणजे लोकरीचे कापड येथे विणले जाई. मडकी भाजण्याची भट्टीही होती. आणि कोठारात मोठमोठे रांजण.

या रांजणांकडे जरा लक्ष द्या. माणूस आत उभा राहील एवढे काही रांजण क्रीटमध्ये सापडले आहेत. अंगावर दोरखंडासारखी नक्षी आणि उचलायला कितीतरी कान. तेल, दारू, धान्य, सारे त्यात. दुसऱ्या एका वाड्यात, समुद्रकाठच्या निरू हानी येथे, रांजणांच्या जोडीला धान्य ठेवायला विटांची बळदेही होती. एका घराला वर्षभर पुरेल त्याहून पुष्कळ जास्त माल या कोठारांत मावत होता. तेव्हा तो आजूबाजूच्या शेतांतून येत होता हे उघड आहे. कोणी पिकवत होते आणि कोणी साठवत होते.

वाड्यातला देव

आणि याच घरात देव होता. वाथिपेत्रोच्या वाड्यापुढे फरसबंद अंगण आहे. अंगणाच्या समोरच्या बाजूला एक लहानशी वास्तू, तिचे तीन भाग, मधला वेगळा आणि दोन बाजूंना दोन. अशा तीन भागांच्या देवळाचे चित्र नोसोसच्या भित्तिचित्रात आहे. त्यात देवळाच्या माथ्यावर बैलाच्या शिंगांच्या आकाराची चिन्हे आहेत आणि दोन्हीकडे माणसांची दाटी. म्हणून हे देवघर अशी ओळख पटली. देवघर आतल्या अंधाऱ्या खोलीत नाही, अंगणात आहे, हे ध्यानात घ्या. अंगणात माणसे जमतात. वाड्यातल्या कुटुंबाची पूजा आणि गावाची पूजा तेथे एकत्र येत होती.

निरू हानीचे तर काय सांगावे! स्तेफानोस झांथुदिदिस यांनी १९१८-१९ साली तो वाडा खणला. एका खोलीत गिलाव्याच्या तीन पायांच्या, नैवेद्य ठेवण्याच्या चौरंगांची चळत लागली होती. चाळीसच्या आसपास चौरंग, एकावर एक रचलेले. दुसऱ्या खोलीत काशाच्या चार भल्यामोठ्या दुधारी कुऱ्हाडी. त्यांचा पत्रा इतका पातळ की लाकडावर एक घाव घातला तरी वाकेल. त्या मिरवायच्या, पूजेच्या. दुधारी कुऱ्हाड हे मिनोअन लोकांचे मोठे धर्मचिन्ह होते. अंगणात शिंगांचे दगडी चिन्हही होते.

एका घराला चाळीस चौरंग कशाला? इव्हान्सला वाटले की हे धर्मगुरूचे घर, येथून पूजेचे सामान बाहेरगावी जात असावे. दुसरे म्हणतात की पंचक्रोशीचे लोक सणाला येथेच जमत आणि सामान त्यांच्यासाठी जपून ठेवलेले होते. कोणतेही खरे धरले तरी गोष्ट एकच. पूजेच्या साहित्याची किल्ली आणि धान्याच्या कोठाराची किल्ली एकाच कमरेला होती.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या संशोधकांना जिकडेतिकडे देव दिसे. तळघरासारखी अंधारी खोली, मध्ये दगडी खांब, खांबावर दुधारी कुऱ्हाड कोरलेली, की लगेच ती पूजेची खोली! पुढच्या अभ्यासकांनी विचारले, अहो, वरच्या मजल्याचा भार पेलायला खांब लागतोच की नाही? अशा काही खोल्यांत तर साठवणाचे रांजणच निघाले. खाली उतरत्या पायऱ्यांच्या लहान खोल्यांचेही तसेच. कोणी म्हणतो शुद्धीच्या स्नानाची जागा, कोणी म्हणतो साधे न्हाणीघर. १९९२ साली अथेन्स येथील स्वीडिश संस्थेत खास या वाड्यांच्या उपयोगावर विद्वानांची बैठक भरली. तेव्हाही सगळ्या वाड्यांना एकच माप लावू नये असे पुष्कळांचे म्हणणे पडले. कोणी शेतीचे, कोणी बंदराजवळचे, कोणी डोंगरातले, आणि तिलिसोसची घरे तर एका गावातच उभी. मला यात चांगले हे वाटते की कोठार कोठे संपते आणि देवघर कोठे सुरू होते हे शहाण्या माणसांनाही सांगता येत नाही. त्या काळच्या माणसालाही ती रेघ दिसत नसेल.

घराबाहेरही देव होता. आर्खानेसजवळच युक्तास नावाचा डोंगर आहे, ८११ मीटर उंच. माथ्यावर खडकात खोल भेग आहे आणि तिच्या भोवती लोकांनी वाहिलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्यांत गाई-बैल, मेंढ्या, हात जोडलेली माणसे आहेत, आणि सुटे हात-पायही आहेत. दुखरा अवयव बरा व्हावा म्हणून मातीचा अवयव वाहिलेला. ही गरिबांची पूजा. मातीचा बैल कोणालाही करता येतो, त्याला काशाची कुऱ्हाड लागत नाही.

आणखी वर, इडा डोंगरावर १,१८७ मीटर उंचीवर झोमिन्थोसचा वाडा आहे. थंडीत तेथे बर्फ पडते. नोसोसहून इडाच्या पवित्र गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर तो आहे. यानिस साकेलाराकिस यांना १९८२ साली ही जागा दिसली आणि पुढच्या वर्षी त्यांनी खणायला सुरुवात केली. यात्रेकरूंची वाट आणि मेंढपाळांची कुरणे, दोन्ही या वाड्याच्या नजरेखाली. २०२५ साली युनेस्कोने क्रीटमधली सहा मिनोअन स्थळे जागतिक वारशात घेतली, त्यात राजवाड्यांच्या पंगतीला झोमिन्थोसही बसले.

हिशोबाची वही

मिनोअन लोकांची लिपी अजून वाचता आलेली नाही. पण अंक वाचता येतात, आणि गहू, दारू, तेल, अंजीर यांची चिन्हे ओळखता येतात. दक्षिणेकडच्या आगिया त्रियादा येथील मोठ्या वाड्यात मातीच्या दीडशेच्या आसपास पाट्या मिळाल्या. त्यांच्या शेवटी पुष्कळदा एक शब्द येतो, ‘कु-रो’. वरच्या आकड्यांची बेरीज केली की त्याच्या पुढचा आकडा जुळतो. म्हणजे कु-रो याचा अर्थ एकूण. दुसरा शब्द ‘की-रो’. त्याचा अर्थ बाकी किंवा येणे असावा असे बहुतेकांचे मत आहे. भाषा कळत नाही, देवाचे नाव कळत नाही, पण एकूण किती आणि बाकी किती हे दोन शब्द साडेतीन हजार वर्षांनीही कळतात. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

स्क्लावोकाम्बोसच्या वाड्याचे दगड ओबडधोबड, घडीव काम नाही. १९३० साली रस्ता करताना तो उघडकीस आला. पण तेथे मातीवर उठवलेले मोहरांचे ठसे मिळाले. त्यात बैलावरून उडी मारणाऱ्या माणसाचे चित्र आहे, आणि त्याच अंगठीचा ठसा बेटाच्या पूर्व टोकाला झाक्रोसला, गुर्निया गावात आणि आगिया त्रियादालाही मिळाला आहे. डोंगरातल्या आडवळणी वाड्याचे व्यवहार अशा रीतीने साऱ्या बेटाला बांधलेले होते. गावातल्या धान्याचा निर्णय नेहमी गावातच होत असेल असे नाही.

मग पिकवणारा माणूस कोठेच दिसत नाही का? दिसतो. आगिया त्रियादाच्याच वाड्यात १९०२ साली काळसर दगडाचे एक लहान पात्र मिळाले. खालचा भाग गेला आहे, वरच्या भागावर सत्तावीस पुरुषांची मिरवणूक कोरलेली आहे. पुढे लांब काठी घेतलेला वडीलधारा. मागून खांद्यावर दाताळ्यासारखी अवजारे घेतलेले गडी, दाटीवाटीने. मध्ये एक जण खुळखुळा वाजवतो आहे, त्याच्या पाठीशी तोंड उघडून गाणारे. गाणाऱ्याच्या बरगड्यासुद्धा कोरल्या आहेत. एक जण मागे वळून ओरडतो आहे, एक खाली वाकला आहे. कोणी म्हणतात ही सुगी, कोणी म्हणतात पेरणी, कारण कमरेला बियाण्याच्या पिशव्या दिसतात. राजे आणि देव कोरणाऱ्या कारागिरांनी पुष्कळ काम केले आहे, पण घामाने थकलेली आणि तरी मोठ्याने गाणारी माणसे कोरलेले असे पात्र त्या काळातले दुसरे नाही.

आग

इ. स. पूर्व १४५० च्या सुमारास क्रीटमधले बहुतेक वाडे जळाले. मारिनातोसने १९३९ साली मत मांडले होते की उत्तरेकडच्या थेरा बेटावरील ज्वालामुखीने हा नाश केला. पण त्या ज्वालामुखीची राख वाड्यांच्या जळण्याच्या आधीची ठरली, मधे कितीतरी वर्षे गेलेली. भूकंप, ग्रीसच्या मुख्य भूमीवरून आलेले हल्लेखोर, बेटावरचीच भांडणे, अशी कारणे सांगितली जातात.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती आजच्या साऱ्या हकिकतीचा गाभा आहे. दक्षिण किनाऱ्यावर मिर्तोस गावाजवळ पिर्गोस नावाची टेकडी आहे. जेराल्ड कॅडोगन यांनी १९७० च्या दशकात ती खणली. माथ्यावर मोठा वाडा, त्याच्या वरच्या मजल्यावर देवघर, आणि उतारावर साध्या लोकांची घरे. वाडा कडकडून जळाला आहे. देवघरातले सामान जळून खालच्या मजल्यावर पडले. पण उतारावरच्या घरांना आगीची झळ लागलेली दिसत नाही.

वणवा असता तर घरे वाचती ना. आग नेमकी त्याच घराला लागली जेथे कोठार होते, हिशोब होता आणि देव होता. ती गावकऱ्यांनी लावली की परक्यांनी, याचा निवाडा झालेला नाही. परका शत्रू आला तरी त्याला ठाऊक होते की गाव मोडायचे तर आधी कोठार आणि देवघर मोडायचे. आणि गावकरीच उठले असतील तर त्यांची खालची घरे शाबूत राहिली यात आश्चर्य नाही. दोन्हीकडून अर्थ असा निघतो की जेथे सगळे एका छपराखाली आणले, तेथे एका पेटत्या चुडीने सगळे गेले.

पुढे नोसोसला ग्रीक बोलणारे कारभारी आले. त्यांची लिपी मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ साली उलगडली. तिच्यात बेटावरच्या लाखाच्या घरात मेंढ्यांची मोजदाद आहे. एका पाटीवर अम्निसोस या ठिकाणच्या इल्यूथिया देवीला मधाचा एक रांजण दिल्याची नोंद आहे. ही बाळंतिणीची देवी. देवाचा वाटाही आता नोसोसच्या वहीतून निघू लागला. बहुतेक वाडे पुन्हा उभे राहिले नाहीत. तिलिसोससारख्या थोड्या ठिकाणी नवे बांधकाम झाले तेवढेच.

मंडळी, त्या वाड्यांचे सगळेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. दुष्काळाच्या वर्षी त्याच रांजणांतून गावाला दाणे मिळाले असतील, त्याच कढयांतून सणाला पंगती उठल्या असतील. चाळीस चौरंग काही एका घरासाठी नव्हते. साठवण एकाच ठिकाणी ठेवण्यात सोय असते आणि देवाच्या नावाने ठेवण्यात भरवसा असतो. पण ‘एकूण’ कोण लिहितो आणि ‘बाकी’ कोणाच्या नावावर पडते, हे ज्याला वाचता येत नाही त्याला तो भरवसा एक दिवस जड जातो. पोराला चार अक्षरे आणि बेरीज-वजाबाकी शिकवण्यात खर्च केला तर तो वाया जात नाही, हे पिर्गोसच्या जळक्या भिंतींपाशी उभे राहिले तरी पटावे.

वाथिपेत्रोभोवती आजही द्राक्षे लागतात. वाडा पडला, वहीची भाषा विसरली गेली, मळे राहिले. त्या दगडी पात्रावरच्या गड्यांना ते ऐकून बरे वाटले असते.

आज इतकेच. राम राम.